लाल जोड गेला कुठे?

१

कपाट उघडून खटपटीनं आत हात घातला आणि तो हात तसाच राहिला. खालच्या फळीवर रबरी रिंगांची पुडी होती, तिनं काढलेल्या जोडाच्या नकाशांची गुंडाळी होती, जाड हातमोजे होते, नव्या वायरचं भेंडोळं होतं. लाल जोड तेवढा नव्हता. तिनं फळी चाचपली, पुडी उलटी केली, मोज्यांच्या बोटांतसुद्धा बोटं घालून पाहिली. छे! पायाखालच्या फरशीत नेहमीची बारीक थरथर होती, शेजारच्या टेबलावर चहा निवत होता, सगळं जग आपापल्या जागी होतं आणि जोड मात्र गायब.

आता हा लाल जोड म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर ती एवढी का घाबरली ते कळायचं नाही. पाण्याखाली चालणाऱ्या मोटरीला आणि दिव्यांना वायर लागते, आणि वायर मेली कधीच पुरेशी लांब नसते. मग दोन वायरी जोडा, आणि तो जोड पाण्यात बुडवा. इथंच गाडं अडतं. पाण्यासारखा बिलंदर कुणी नाही. केसाएवढी फट मिळाली की घुसलंच म्हणून समजा. खटपटीच्या वडिलांच्या कारखान्यात हे काम जुन्या रीतीनं व्हायचं. वायरी सोलायच्या, डाग देऊन जोडायच्या, साच्यात ठेवून वर रेझिन ओतायचं आणि ते घट्ट होईपर्यंत रात्रभर वाट बघायची. जोड एकदम पक्का, पण करणारा हात कसलेला हवा.

खटपटीनं त्याला पर्याय काढला होता. (घरात तिला सगळे खटपटीच म्हणत. लहानपणी तिनं घरातलं एकही कुलूप धड ठेवलं नव्हतं.) मुठीत मावेल असा लाल कनेक्टर, त्याचे दोन अर्धे भाग. वायरींची टोकं सोलून भोकांत खुपसली की आतल्या स्प्रिंगा त्यांना धरून ठेवत आणि रबरी बाही वायरीला मिठी मारी. मग दोन्ही भाग एकमेकांत ढकलायचे, पाव फेरा द्यायचा, टक! झालं. वायर सोलायची सुरी सोडली तर हत्यार नको, रेझिन नको, वाट बघणं नको. उघडायचा असेल तर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कान एकदम चिमटीत दाबून ओढायचं.

असा जोड जगात एकच होता. त्याचा साचा कालच सुधारायला बाहेर गेला होता आणि पुढच्या महिन्याशिवाय परत येणार नव्हता. आणि आज, नेमका आज, बंदर खात्याच्या तपासनीस बाई सकाळपासून ऑफिसात येऊन बसल्या होत्या. बंदरातल्या सगळ्या दिव्यांच्या जोडांची ऑर्डर कुणाला द्यायची, ते संध्याकाळी ठरायचं होतं. त्यांच्या अटी दोनच. एक पाण्याची अट : जोड चालू विजेवर निदान अर्धा दिवस पाण्यात राहून आतून कोरडा निघाला पाहिजे. दुसरी हाताची अट : भर थंडीत होडीवर माणसाची बोटं बधिर होतात, तसल्या धड न वळणाऱ्या हातालाही तो जोडता आला पाहिजे.

बाबांनीही आपली अट घातली होती. आज ऑर्डर आली नाही तर लाल जोडाचं खूळ कायमचं बंद, मुकाट्यानं रेझिनकडे वळायचं. "माझा हात मानेल तेव्हाच मी मानेन," असं ते कधीचे म्हणत आले होते, आणि त्यांचा हात रेझिनशिवाय कशालाच मानत नव्हता.

खटपटीनं कपाटात डोकं घातलं आणि चमकून मागे घेतलं. आत सेंटचा भपकारा भरला होता.

२

"चोरी झालीये," ती आत्याला म्हणाली.

"झाली असेल की," आत्या म्हणाली, "पण आधी हरवलंय असं धरू. ते स्वस्त पडतं."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बस डेपोच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत तिनं सगळी नोकरी काढली होती. छत्र्या, कवळ्या, लग्नाच्या अंगठ्या, एकदा तर जिवंत कासव, काय काय तिच्या खिडकीतून गेलं होतं. आता निवृत्त होऊन ती भावाकडे, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहत होती आणि कुणाचं काही हरवावं म्हणून टपून बसलेली असे. लोक तिला लांबनाकी म्हणत, पण हरवलं की पहिले तिच्याकडेच धावत. तिचा एक सिद्धांत होता आणि तो ती उठता बसता ऐकवी. वस्तू फारशी चोरीला जात नाही, वस्तू कामाला जाते. कुणाला तरी तिची गरज पडते आणि तो उचलतो. म्हणून कुणी नेली हे विचारू नये, तिचं कुठं काम निघालं होतं ते विचारावं.

तपासनीस बाईंनी घड्याळाकडे बघून सांगून टाकलं होतं की दुपारच्या भोंग्यापर्यंत जोड पाण्यात पडला तर ठीक. त्यानंतर पडला तर अर्धा दिवस भरायचा नाही, आणि अट म्हणजे अट. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सोबत आणलेलं टीपकागदाचं पुडकं टेबलावर नीट मांडून ठेवलं होतं आणि ते वापरायला मिळावं असं त्यांनाही वाटत होतं.

आत्यानं कपाटात नाक खुपसलं, एक सणसणीत शिंक दिली आणि म्हणाली, "दादाला बोलाव."

दादा म्हणजे खटपटीचा मोठा भाऊ, विक्रीचं बघणारा. सेंटचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला. काल दुपारी दुसऱ्या कंपनीचा एजंट आला होता. हा गृहस्थ अंगावर इतका सेंट ओतून यायचा की कारखान्यात त्याचं नावच सेंटबाबू पडलं होतं. दादानं त्याला जोड दाखवला, हातात दिला, वर चहाही पाजला. आज ऑर्डर हुकलीच तर सेंटबाबूच्या कंपनीची एजन्सी तरी पदरात पडावी, असा त्याचा हिशेब होता.

खटपटीच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्खा भाऊ! कुंपणानंच शेत खाल्लं, आता दाद कुणाकडे मागायची? ती तोंड उघडणार तेवढ्यात आत्यानं तिच्या हातावर हात ठेवला आणि दादाला शांतपणे विचारलं, नकाशे कुठं होते?

नकाशे तिथंच होते, दादा म्हणाला. जोडाच्या शेजारी. अजूनही आहेतच की.

"मग हा कसला चोर?" आत्या म्हणाली. "कोंबडी नेली आणि सोन्याची अंडी ठेवून गेला?"

दादानं शपथेवर सांगितलं की त्यानं स्वतःच्या हातानं जोड परत ठेवला, मग तो सेंटबाबूला घेऊन बाहेर पडला आणि दोघं उशिरापर्यंत हॉटेलात बसले होते. खटपटीचा विश्वास बसेना. पण दारात मिस्तरी येऊन उभा होता, आणि त्यानं दादाची सुटका केली.

"दादा खरं बोलतायत," मिस्तरी म्हणाला. "ते गेल्यावर मी बंद करायला आलो, तेव्हा जोड फळीवर होता. मी हातात घेऊन पाहिला." आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे शेवटचा मीच."

३

मिस्तरीला आत्यानं खुर्ची दिली. खटपटी उभीच राहिली, तिला बसवेना.

मिस्तरीला लाल जोडाचा राग होता, आणि तो त्यानं कधी लपवला नाही. आजही लपवला नाही. रेझिनचा जोड करायला शिकण्यात त्याची उमेदवारीची सगळी वर्षं गेली होती, मालकांनी स्वतः हात धरून शिकवलं होतं, आणि आता कुणीही सोम्यागोम्या ढकलून, फिरवून, टक करून मोकळा होणार. मग मिस्तरीला कोण विचारतो? काल संध्याकाळी जोड हातात घेतला तेव्हा क्षणभर मनात आलं होतं, द्यावा फेकून. पण ठेवला. किल्ली नेहमीसारखी खिळ्याला अडकवली आणि घरी गेला.

"काल दिवसभरात काही बिघडलं होतं?" आत्यानं विचारलं. तिचा आवडता प्रश्न.

बिघडलं होतं ना, मिस्तरी म्हणाला. खाली तळघरात जुने साचे ठेवतात, तिथं जमिनीतून पाणी पाझरतं. खड्ड्यात पाण्यातली मोटर बसवलीय, ती ते उपसून टाकते. काल दुपारी मोटरीच्या वायरीचा जुना जोड गेला आणि मोटर बंद पडली. कारखाना बंद करताना खाली पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. आज सकाळी आल्या आल्या नवा रेझिनचा जोड करायचा होता, डबासुद्धा काढून ठेवलाय, पण या गोंधळात सगळंच राहिलं. एव्हाना साचे बुडाले असतील.

आत्यानं डबा मागवला. नवा कोरा, झाकणाचा पत्रा अजून उचकटलेलाही नव्हता. मग तिनं भेंडोळ्यातला वायरीचा तुकडा मिस्तरीच्या हातात दिला आणि सोलून दाखव म्हणाली. मिस्तरीनं सुरी एकदाच गोल फिरवली, प्लास्टिकची नळी सुटून खाली पडली. कडा अशी गुळगुळीत की बघत राहावं. आत्यानं ती नळी उचलून पदराच्या गाठीत बांधली. खटपटीला काही उमजेना.

मग बाबा. ते खिडकीशी बसले होते, पुढ्यात चहा गार झालेला. हरवलेल्या स्क्रूसाठी सगळा कारखाना डोक्यावर घेणारा हा माणूस, पण आज एक शब्द चढा नाही. "होतं असं," म्हणाले. "सापडेल. बाईंना सांग, उद्या या. एका दिवसानं काय बिघडतं?" खटपटीचा संताप तिच्या डोळ्यांत उतरला. एका दिवसानं काय बिघडतं! ऑर्डर जाते, आणि ऑर्डर गेली की जोड जातो, ही यांचीच तर अट. म्हणजे यांना हेच हवं होतं तर. काल रात्री जेवताना बाबा गुणगुणत होते, कित्येक महिन्यांनी, वर भाजीही पुन्हा मागून घेतली होती. माझं फसणार याचाच आनंद झाला होता म्हणायचा.

"अस्तनी ओली कशानं रे?" आत्यानं मधेच विचारलं.

"तोंड धुतलं, अक्का."

"कोपरापर्यंत?"

बाबांनी हात खिशात घातले. आत्यानंही पुढं विचारलं नाही. ती भावाच्या पायांकडे बघत होती. बाबांनी जन्मभर घातलेले नाडीचे बूट हल्ली सोडून दिले होते, चपला घालत. शर्टही बटणांचे जाऊन डोक्यातून घालायचे आले होते. वय झालं, सुटसुटीत बरं वाटतं, असं ते म्हणत.

बाहेर आल्यावर खटपटी म्हणाली की बाबाच. त्यांनीच लपवला, मी हरावं म्हणून.

"चप्पल काढ," आत्या म्हणाली.

"काय?"

"चप्पल काढ आणि फरशीवर उभी राहा. मिस्तरी म्हणतो मोटर बंद आहे, होय ना? मग पायाखाली हे काय गुरगुरतंय?"

४

खटपटी जिना तीन-तीन पायऱ्या गाळत उतरली. तळघराचा दिवा लावला आणि ती बघतच राहिली. फरशी कोरडी होती. साचे आपापल्या मांडणीवर सुखरूप होते. भिंतीवर घोट्याएवढ्या उंचीला ओल्या चिखलाची रेघ तेवढी उरली होती. कोपऱ्यातल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी, आणि त्या पाण्याच्या तळाशी मोटर मजेत चालली होती. वायर स्विचपासून निघून काठावरून पाण्यात गेली होती, आणि तळाशी, मोटरीच्या अंगाला टेकून, काहीतरी लाल दिसत होतं.

"आत्या!"

"दिसतंय हो मला. आंधळी नाहीये मी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळपासून सगळे वर कपाटं पालथी घालत होते आणि जोड त्यांच्या पायाखाली पाण्यात बसून इमानेइतबारे नोकरी करत होता. खटपटीला हसावं का रडावं ते कळेना. काल संध्याकाळपासून पाण्यात! भिजला असता तर स्विच कधीच पडला असता. एवढी मोठी परीक्षा तिनं स्वतः घ्यायची हिंमत केली नसती. कामाला गेली होती वस्तू, अगदी आत्याच्या सिद्धांतासारखी. ती बाईंना हाक मारायला वळली.

"थांब," आत्या म्हणाली. "कुणी लावला, ते बघ आधी."

खालच्या पायरीवर वायरीच्या सालींचे तुकडे पडले होते. आत्यानं एक उचलला आणि पदराची गाठ सोडून मिस्तरीचा तुकडा त्याच्या शेजारी धरला. मिस्तरीचा काप सरळ, स्वच्छ. पायरीवरचा तुकडा मात्र उंदरानं कुरतडल्यासारखा, चार ठिकाणी सुरी घसरलेली, पुन्हा लावलेली, पुन्हा घसरलेली. म्हणजे मिस्तरी नाही. दादाचा हात असा चालू शकला असता, पण दादा हॉटेलात होता.

"सगळे तुकडे घे," आत्या म्हणाली, "आणि एकाशेजारी एक ठेव."

खटपटीनं ठेवले. कडा सगळ्यांच्या फाटलेल्या, पण लांबी? लांबी सगळ्यांची एक. केसभरही फरक नाही. आणि प्रत्येकावर, काप सुरू व्हायच्या जागी, नखानं दाबलेली एक बारीक खूण. तिनं आपला अंगठा तुकड्याला लावला. अंगठ्याचं वरचं पेर, तंतोतंत. हे माप तिला कुणी शिकवलं होतं? लहानपणी मांडीवर बसवून, तिचा इवलासा अंगठा वायरीवर ठेवून? पट्टी हरवते, अंगठा हरवत नाही, असं कोण म्हणायचं?

"माप उस्तादाचं," ती हळू म्हणाली, "आणि काप नवशिक्याचा."

"असा माणूस कोण? ज्याला सगळं येतं, पण ज्याचा हात ऐकत नाही."

आणि मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे सरळ रांगेत येऊन उभी राहिली. नाडीचे बूट. बटणं. सगळे गेल्यावरच प्यायचा म्हणून गार होणारा चहा. खिशात घातलेले हात, हल्ली सदानकदा. काल बाबा शटर बघून येतो म्हणून खाली उतरले, तळघरात डोकावले तर घोटाभर पाणी, आणि मिस्तरीला परत बोलवावं तर का ते सांगावं लागलं असतं. मग त्यांनी कपाटातला जोड आणला असणार. थरथरत्या बोटांनी वायरी सोलल्या, खुपसल्या, ढकलून फिरवलं आणि टक. मोटर चालू झाली. त्यांच्या हातानं पुन्हा एक जोड केला होता, पाण्यात टिकणारा. म्हणून ते गुणगुणत होते. आणि ती मनात काय काय बोलली होती त्यांना!

"पण मग काढून परत का नाही ठेवला?"

"अस्तनी ओली होती ना. पहाटे काढायला गेलाच होता तो. उघडायचा कसा तुझा जोड?"

दोन्ही कान एकदम चिमटीत दाबून. चिमूट! लावायला बोटं लागत नाहीत, हे तिनं घडवून आणलं होतं. उघडायला लागतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बाबांना जाऊन सांगू?"

"नाही," आत्या म्हणाली. "आमच्या कचेरीत एक रीत होती. वस्तू कुणाची हे आम्हाला कळलं तरी आम्ही नाव पुकारत नसू. पाकिटात कधी कुणाचं औषध असतं, कधी कुणाचं पत्र असतं, चारचौघांत कशाला? माणसानं खिडकीशी यायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं, माझं आहे. तोवर वस्तू फळीवर."

"आणि माणूस आलाच नाही तर?"

आत्यानं उत्तर द्यायच्या आत वर दुपारचा भोंगा वाजला. दोघींनी जिन्याकडे पाहिलं. वरच्या पायरीवर तपासनीस बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे दादा, मिस्तरी आणि सगळ्यात मागे बाबा.

५

पाण्याची अट पूर्ण करायला वेळ लागला नाही. मिस्तरीनं काल बंद करताना पाणी कुठवर होतं ते भिंतीवरच्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं, आणि एवढं पाणी उपसायला या मोटरीला अख्खी रात्र लागते हेही सांगितलं. खटपटीनं स्विच बंद केला, वायर ओढून जोड वर घेतला, बाहेरून पुसला. चिमूट, ओढ, दोन अर्धे सुटले. बाईंनी टीपकागदाची पट्टी आत फिरवली, उजेडात धरली, दुसरी घेतली, तीही फिरवली. पट्टी जशीच्या तशी कोरडी होती. मिस्तरीनं वाकून पाहिलं आणि न राहवून म्हणाला, "च्यायला, कोरडा ठणठणीत!"

बाईंनाही हसू आवरलं नाही. "पाण्याची अट झाली. माझ्या अपेक्षेहून जास्त झाली. आता हाताची. जोडला कुणी?"

मिस्तरी म्हणाला मी नाही, दादा म्हणाला मी नाही. बाईंनी खटपटीकडे पाहिलं. दुसरं नाव कुणाच्या मनात आलंच नव्हतं. मालकांचा हात म्हणजे कारखान्यातला सगळ्यात पक्का हात, असंच सगळे आजवर समजत होते.

"तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"हो."

"कोण?"

खटपटीच्या जिभेवर नाव होतं. एक शब्द, आणि इतकी वर्षं रात्री जागून, पंचवीसदा साचे बदलून, सगळ्यांची टिंगल सोसून केलेलं काम वाचलं असतं. तिनं वर पाहिलं. बाबा जिन्याच्या कठड्याशी होते, हात खिशात. मिस्तरीसमोर, ज्याला त्यांनी हात धरून शिकवलं त्याच्यासमोर. तिनं मान हलवली.

"ते मला सांगता येणार नाही."

आत्यानं डोळे मिटले. बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या की त्यांचाही नाइलाज आहे. स्वतः बनवणारीनं स्वतः जोडला असेल तर त्यातून होडीवरच्या बधिर हातांबद्दल काहीच कळत नाही. आता पुन्हा जोडून पाण्यात ठेवायलाही वेळ उरला नाही. त्यांनी टीपकागदांचं पुडकं पिशवीत टाकलं आणि पिशवीची चेन ओढली. खटपटी बघत राहिली. आपण योग्य केलं असं तिला वाटत होतं, आणि तरीही रडू फुटायच्या बेतात होतं.

"बाई, थांबा," बाबा म्हणाले.

ते पायऱ्या उतरून आले. त्यांनी हात खिशातून बाहेर काढले आणि दिव्याखाली धरले. दोन्ही हात थरथरत होते, बोटं वाकडी, एकमेकांचं न ऐकणारी. मिस्तरीनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी जोडला," बाबा म्हणाले. "गेल्या थंडीपासून माझी बोटं वळत नाहीत. शर्टाचं बटण लागत नाही, कपातला चहा तोंडापर्यंत पोचत नाही. काल साचे बुडत होते. रेझिनचा जोड मला आता होत नाही, हे सांगायची लाज वाटली म्हणून हा आणला. वाटलं, बघू तरी." त्यांनी खटपटीकडे पाहिलं नाही. "ही सकाळपासून सगळं शोधत होती आणि मी मूग गिळून बसलो. तुम्ही जेवायला गेलात की मिस्तरीच्या पकडीनं काढून गुपचूप ठेवणार होतो."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "ऐकलेलं मला लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण अट ती अटच. "करून दाखवाल?"

खटपटीनं दोन्ही भागांतून वायरी मोकळ्या केल्या, जुनी टोकं छाटली आणि वायरी बाबांच्या पुढ्यात धरल्या. बाबांनी ताजं टोक घेतलं, अंगठ्याचं पेर वायरीवर ठेवलं, नखानं खूण दाबली. सुरी घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. दादा मदतीला पुढे झाला तर आत्यानं त्याला दंडाला धरून मागे ओढलं. साली फाटत फाटत निघाल्या. मग बाबांनी टोकं भोकांशी नेली, आणि थरथरणाऱ्या हातात भोकाचं नरसाळ्यासारखं तोंड आलं की टोक आपसूक आत घसरे. हे नरसाळं करायला खटपटीला सगळ्यात जास्त वेळ लागला होता, आणि ते कुणासाठी केलं ते तिला आत्ता कळत होतं. एक, दुसरं, तिसरं. दोन अर्धे भाग तळव्यांत धरून त्यांनी छातीशी ढकलले, मनगटानं पाव फेरा दिला.

टक.

तळघरात तेवढाच आवाज झाला. बाईंनी जोड ओढून पाहिला, पिळून पाहिला, आणि मग आपल्या कागदावर लिहायला लागल्या. काय लिहितात ते दादानं मान वाकडी करून वाचलं आणि त्यानं खटपटीच्या पाठीत असा धपाटा घातला की तिचा श्वासच अडकला.

मिस्तरी पुढे आला. त्यानं मालकांच्या हातातली सुरी काढून घेतली, पुसली, मिटली आणि म्हणाला की यापुढं सोलायचं काम माझ्याकडे, जोडायचं तुमच्याकडे. बाबांनी मान डोलावली.

खटपटी त्यांच्यासमोर उभी होती. तिला खूप काही म्हणायचं होतं. सकाळी मनात जे आलं त्याची माफी मागायची होती, ओरडायचं होतं, भांडायचंही होतं. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले, तेव्हा ते तिच्या हातांत पाखरासारखे फडफडत राहिले.

"माझ्या हातानं मानलं, बये," बाबा म्हणाले. मग त्यांनी जोडाच्या कानांवर बोटं टेकवून दाबून पाहिलं, जमलं नाही, आणि ते हसले. "आता उघडायचं तेवढं सोपं कर."